आई-बाबांची औषधं आणि मेडिकेअर पार्ट डी: गोळ्यांच्या यादीपासून फार्मसीच्या काउंटरपर्यंत

ज्यांचे आई-बाबा ग्रीन कार्डवर अमेरिकेत आहेत आणि पाच वर्षं पूर्ण झालीयेत किंवा होत आलीयेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. ज्यांनी स्वतः इथे पंचवीस-तीस वर्षं नोकरी केली आणि आता ६५ चे होतायत त्यांनाही उपयोगी पडेल, पण माझ्या डोळ्यासमोर मुख्यतः ते आई-बाबा आहेत जे साठी उलटल्यावर मुलांकडे राहायला आले आणि ज्यांच्या मुलांचं, म्हणजे आपलंच, नोकरी आणि पोरांच्या शाळा ह्यात औषधांच्या इन्शुरन्सबद्दल "बघू नंतर" होऊन जातं. ह्या "बघू नंतर"चे इथे पैसे पडतात आणि ते बहुतेकांना आयुष्यभर, दर महिन्याला भरावे लागतात. त्यामुळे चहा घेऊन बसा, थोडं लांब आहे, पण एकदा नीट समजून घेतलंत की दरवर्षी तासाभराचं काम उरतं.

आकडे जिथे वेगळं वर्ष लिहिलं नाहीये तिथे २०२६ चे आहेत. हे आकडे दर जानेवारीत बदलतात हे लक्षात ठेवा.

आधी ए, बी, सी, डी

मेडिकेअर म्हणजे ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी (आणि काही अपंग व्यक्तींसाठी) असलेला सरकारी आरोग्य विमा. पार्ट ए म्हणजे हॉस्पिटल. पार्ट बी म्हणजे डॉक्टर, टेस्ट्स, आउटपेशंट. पार्ट डी म्हणजे फार्मसीतून आणायची औषधं. पार्ट सी, ज्याला सगळे मेडिकेअर ॲडव्हान्टेज म्हणतात, ते म्हणजे ए आणि बी एकत्र करून खाजगी कंपनीने चालवलेला प्लॅन, आणि त्यात बहुतेक वेळा डी आतच असतो.

पार्ट डी चा कायदा २००३ साली झाला आणि औषधं प्रत्यक्ष मिळायला लागली १ जानेवारी २००६ पासून. गोंधळ इथे होतो की नियम सरकारचे, पैशाचा मोठा वाटा सरकारचा, पण प्लॅन विकतात आणि चालवतात खाजगी कंपन्या, त्यामुळे "सरकारी पार्ट डी" असा एकच प्लॅन कुठे मिळत नाही, तुमच्या झिप कोडला जेवढ्या कंपन्या आहेत त्यातला एक निवडावाच लागतो.

एक धोका इथेच सांगून ठेवते. एचएमओ किंवा पीपीओ प्रकारचा (म्हणजे ठराविक डॉक्टरांचं नेटवर्क असलेला) ॲडव्हान्टेज प्लॅन घेतला असेल आणि मग कुणी सांगितलं म्हणून वेगळा पार्ट डी घेतलात, तर ॲडव्हान्टेज प्लॅन आपोआप बंद होतो. दोन्ही एकत्र चालत नाहीत.

आई-बाबांना मिळतो का?

मिळतो. अट अशी की वय ६५ च्या वर, ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व, आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी अर्ज करण्याच्या आधीची सलग पाच वर्षं अमेरिकेत वास्तव्य. "सलग" हा शब्द आपल्या लोकांना महागात पडतो, कारण आई-बाबा दिवाळीला जातात ते आंब्याचा सीझन संपवूनच परत येतात. लांब मुक्काम झाला असेल तर वास्तव्य तुटलं का असा प्रश्न निघू शकतो, म्हणून पासपोर्टवरचे येण्या-जाण्याचे सगळे शिक्के एका कागदावर तारखेप्रमाणे उतरवून ठेवा.

पार्ट ए फुकट मिळायला ४० क्रेडिट्स लागतात, म्हणजे साधारण दहा वर्षं इथे टॅक्स भरून केलेलं काम, स्वतःचं किंवा नवरा-बायकोचं. मुलाचं किंवा मुलीचं काम आई-बाबांच्या खात्यात धरत नाहीत. भारतात बँकेत ३५ वर्षं केलेली नोकरीही नाही, भारताशी अमेरिकेचा तसा करार नाहीये. मग पार्ट ए विकत घ्यावा लागतो, महिना ५६५ डॉलर, माणशी. पार्ट बी महिना २०२.९० डॉलर, तोही माणशी. हे ऐकून अनेकजण हबकतात आणि सगळंच सोडून देतात.

पण नीट वाचा: वेगळा पार्ट डी घ्यायला ए आणि बी दोन्ही लागत नाहीत, दोनपैकी एक असलं तरी चालतं. ए परवडत नाही म्हणून नुसता बी घेतलेले आई-बाबा सुद्धा पार्ट डी घेऊ शकतात (ॲडव्हान्टेज प्लॅनला मात्र दोन्ही लागतात). हॉस्पिटलचं कव्हर नसणं किती मोठी जोखीम आहे हा वेगळा विषय आहे आणि तशी जोखीम घ्या असं मी म्हणत नाहीये, पण "ए नाही म्हणजे औषधांचाही मिळणार नाही" हा गैरसमज मी इतक्या घरांमध्ये ऐकलाय की सांगायलाच हवं.

कधी घ्यायचा आणि उशीर झाला तर

पहिली संधी सात महिन्यांची असते. ६५ वा वाढदिवस ज्या महिन्यात आहे तो महिना, त्याच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन. जे ६५ नंतर आले त्यांच्यासाठी वाढदिवसाच्या जागी पाच वर्षं पूर्ण होतात तो महिना धरायचा. ए आणि बी चा अर्ज सोशल सिक्युरिटी ऑफिसात होतो, तिथे अर्ज करताना "माझी पार्ट डी ची मुदत कधी संपते" हे विचारून तारीख लिहून घ्या. पार्ट डी चा अर्ज मात्र तिथे होत नाही, तो मेडिकेअरच्या वेबसाइटवर, मेडिकेअरच्या फोनवर किंवा थेट कंपनीकडे होतो. ऑफिसातून बाहेर पडल्यावर "झालं सगळं" असं वाटतं आणि डी राहून जातो.

राहिला तर काय? पहिली मुदत संपल्यानंतर सलग ६३ दिवस किंवा जास्त, औषधांचं चांगलं कव्हर नसताना गेले तर दंड सुरू होतो. जेवढे महिने गेले तेवढे टक्के, राष्ट्रीय आधारभूत प्रीमियमवर (सरकार दरवर्षी ठरवतं तो आकडा), जो २०२६ ला ३८.९९ डॉलर आहे. समजा २४ महिने उशीर झाला: ३८.९९ चे २४ टक्के म्हणजे ९.३६, जवळच्या दहा सेंटला धरून ९.४० डॉलर महिना. आकडा छोटा दिसतो, पण पार्ट डी आहे तोवर तो भरायचाय, आणि आधारभूत प्रीमियम बदलला की दंडही त्याप्रमाणे पुन्हा मोजला जातो.

"आमची औषधं इंडियातून येतात, कशाला पाहिजे पार्ट डी" हे वाक्य मी माझ्याच घरात ऐकलंय. भारतातून आणलेली औषधं म्हणजे कव्हरेज नव्हे, दंडाचे महिने मोजले जातातच. आणि दंड ही त्यातली छोटी गोष्ट आहे. आज बीपीची एक आणि शुगरची एक गोळी आहे, उद्या कॅन्सरची गोळी लागली तर ती महिन्याला हजारो डॉलरची असते आणि तेव्हा मनात आलं म्हणून लगेच पार्ट डी घेता येत नाही, पुढच्या ऑक्टोबरची वाट बघावी लागते. औषधं एकदम थोडी असतील तर सगळ्यात स्वस्त प्रीमियमचा प्लॅन घ्या, पण घ्या.

नोकरीच्या इन्शुरन्समधून किंवा मार्केटप्लेसच्या (ओबामाकेअरच्या) प्लॅनमधून आधीच औषधं मिळत असतील, तर ते कव्हर मेडिकेअरच्या दृष्टीने पुरेसं आहे का, म्हणजे "क्रेडिटेबल" आहे का, ते कंपनीला विचारा आणि लेखी पत्र घ्या. फोनवर "हो हो आहे" म्हणाले ह्याला काही किंमत नाही. पत्र जपून ठेवा, चार वर्षांनी तेच मागतील.

ह्यानंतर दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर ह्या काळात प्लॅन बदलता येतो, नवा प्लॅन १ जानेवारीपासून. ॲडव्हान्टेजवाल्यांना जानेवारी ते मार्चमध्ये एकदा बदलायची आणखी एक संधी असते.

सगळ्यात महत्त्वाचं काम: यादी

इथे मी थांबून बोलणार आहे, कारण बाकी सगळं ह्याच्यावर उभं आहे. पार्ट डी चा कुठलाही प्लॅन मुळात चांगला किंवा वाईट नसतो, तो तुमच्या आईच्या गोळ्यांसाठी चांगला किंवा वाईट असतो. एकाच घरात आईचा प्लॅन वेगळा आणि बाबांचा वेगळा असणं हेच बरेचदा बरोबर असतं, पार्ट डी मध्ये नवरा-बायकोचा एकत्र प्लॅन असा प्रकारच नसतो, प्रत्येकाचा आपापला.

तर सगळ्या गोळ्या डायनिंग टेबलवर काढा. खरंच काढा, आठवणीतून लिहू नका. आमच्याकडे मी हे केलं तेव्हा बिस्किटांच्या डब्यातून, देवघराच्या खणातून आणि आईच्या पर्समधून मिळून अकरा प्रकारच्या स्ट्रिप्स निघाल्या, त्यात दोन एकाच औषधाच्या होत्या, वेगवेगळ्या ब्रँडच्या, आणि आई दोन्ही घेत होती कारण एक पुण्याच्या डॉक्टरांनी दिलेली आणि एक इथल्या.

आपल्याकडे लोक औषध ब्रँडने ओळखतात आणि इथल्या सिस्टिममध्ये ते ब्रँड नाहीतच. म्हणून स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात असलेलं मूळ नाव शोधायचं. टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन. ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन. थायरोनॉर्म म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. पॅन ४० म्हणजे पँटोप्राझोल. इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन, तिथे ७५ मिलिग्रॅम मिळते, इथे ८१ ची असते आणि प्रिस्क्रिप्शनशिवाय कुठेही मिळते, त्यामुळे ती पार्ट डी च्या यादीत टाकायचीच नाही.

आता खरी अडचण. भारतात सर्रास दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या अमेरिकेत मिळतच नाहीत. शुगरसाठी ग्लिक्लाझाइड, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, बीपीसाठी सिल्निडिपिन. ह्यातलं काही आई-बाबा घेत असतील तर कुठल्याही पार्ट डी प्लॅनमध्ये ते सापडणार नाही, आणि प्लॅन शोधण्याच्या आधी इथल्या डॉक्टरांकडे जाऊन त्याच्या जागी इथे मिळणारं औषध ठरवून घ्यावं लागेल. हे स्वतःच्या मनाने किंवा गूगल बघून करू नका. शुगरच्या गोळ्यांची अदलाबदल चुकली तर म्हातारं माणूस रात्री बाथरूममध्ये चक्कर येऊन पडतं. तसंच भारतात दोन-तीन औषधं मिळून एक गोळी असते, इथे डॉक्टरांना विचारून ती वेगवेगळी घेतली तर बरेचदा खूप स्वस्त पडते कारण प्रत्येक घटक जेनेरिक असतो.

कागदावर चार गोष्टी लिहा: मूळ नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, महिन्याला किती गोळ्या. साधी गोळी आणि "ईआर" म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी ह्यात किमतीचा मोठा फरक असू शकतो, म्हणून ते अक्षरही लिहा.

मग प्लॅन शोधा

मेडिकेअर डॉट गव्ह वर प्लॅन शोधायचं पान आहे, लॉग-इन न करताही चालतं. झिप कोड टाका, मग यादीतली औषधं एकेक करून डोससकट टाका, मग फार्मसी निवडा, पाचपर्यंत निवडता येतात. पाचही निवडा, त्यात घराजवळची, एखादी मोठ्या स्टोअरमधली आणि टपालाने औषध पाठवणारी अशा वेगवेगळ्या घ्या, कारण प्रत्येक प्लॅनच्या काही "प्रिफर्ड" फार्मसी असतात आणि तीच गोळी तिथे शून्य डॉलरला आणि रस्त्याच्या पलीकडच्या दुकानात पंधरा डॉलरला असं होतं.

निकाल आले की प्रीमियमकडे बघू नका. "औषधं आणि प्रीमियम मिळून वर्षाचा खर्च" असं क्रम लावायचं बटण आहे, ते दाबा आणि त्याच क्रमाने वाचा. मग पहिल्या तीन प्लॅनमध्ये आत जाऊन प्रत्येक औषधापुढे काय अटी लिहिल्यात ते बघा, त्याबद्दल खाली सांगते.

आम्ही पहिल्या वर्षी हे केलं नाही. एका ओळखीच्यांनी सांगितलं की ह्या कंपनीचा प्रीमियम शून्यच्या जवळ आहे, आम्हीही तोच घेतला. बाबांचे हृदयाचे ठोके अनियमित आहेत, त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, एलिक्विस, दिवसातून दोनदा. जानेवारी २०२४ मध्ये ते आणि मी औषध आणायला गेलो, काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन आमच्याकडे वळवला आणि आकडा होता साडेपाचशे डॉलरच्या वर, एका महिन्याच्या गोळ्यांचा. डिडक्टिबल, म्हणजे प्लॅन पैसे द्यायला लागायच्या आधी दरवर्षी आपण भरायची रक्कम. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले "राहू दे गं, घरी इकोस्प्रिन आहे ना." ते माझ्यासमोर असं म्हणाले म्हणून कळलं, एकटे गेले असते तर खरंच घरी येऊन इकोस्प्रिनवर दिवस काढले असते आणि मला सांगितलं नसतं. ही गोळी मध्येच बंद केली तर पक्षाघाताचा धोका वाढतो, तशी ठळक सूचना औषधाच्या माहितीपत्रकात आहे. आपल्या लोकांना मुलांचे पैसे खर्च करवत नाहीत, ते गोळ्या अर्ध्या करतात, एक दिवसाआड घेतात आणि गप्प बसतात. म्हणून पहिल्या वेळी काउंटरवर सोबत जाच.

पैसे कसे मोजतात

पूर्वी "डोनट होल" नावाचा भयंकर प्रकार होता, मध्येच कव्हर कमी व्हायचं. २०२२ मध्ये इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट झाला आणि त्यामुळे २०२५ पासून ते भगदाड पूर्ण गेलं. आता तीन टप्पे. पहिला डिडक्टिबल, जास्तीत जास्त ६१५ डॉलर, तोपर्यंत पूर्ण किंमत तुमची (बरेच प्लॅन स्वस्त जेनेरिक गोळ्यांना डिडक्टिबल लावत नाहीत). दुसऱ्या टप्प्यात साधारण २५ टक्के तुमचे, किंवा प्लॅनने ठरवलेला कोपे, म्हणजे दर वेळची ठराविक रक्कम. आणि वर्षभरात तुमचा खर्च २,१०० डॉलर झाला की तिसरा टप्पा, उरलेलं वर्ष शून्य. प्रीमियम ह्या २,१०० मध्ये धरत नाहीत, आणि प्लॅनच्या यादीत नसलेल्या औषधाचा खर्चही नाही.

२०२६ मध्ये आणखी एक मोठी गोष्ट झाली. मेडिकेअरने पहिल्यांदाच औषध कंपन्यांशी घासाघीस करून ठरवलेल्या दहा औषधांच्या किमती १ जानेवारी २०२६ पासून लागू झाल्या. एलिक्विस महिन्याला २३१ डॉलर, जानुव्हिया ११३, जार्डियन्स १९७, झरेल्टो १९७, आणि फारक्सिगा, एन्ट्रेस्टो वगैरे. शुगर आणि हार्टची औषधं आहेत ह्यात, म्हणजे आपल्या घराघरातली.

बाबांचंच गणित करून दाखवते, फक्त एलिक्विस आहे आणि प्लॅन पूर्ण डिडक्टिबल आणि मग २५ टक्के लावतो असं धरून. जानेवारी २३१. फेब्रुवारी २३१. मार्चमध्ये डिडक्टिबलचे उरलेले १५३ आणि बाकी ७८ चे पाव म्हणजे साडेएकोणीस, मिळून साधारण १७३. एप्रिलपासून दर महिना ५८ च्या आसपास. वर्षाचे मिळून साधारण १,१५४. म्हणजे त्रास वर्षाचा नसून पहिल्या तीन महिन्यांचा आहे.

त्यावर उपाय आहे आणि तो फारसा कुणी वापरत नाही. २०२५ पासून प्रत्येक प्लॅनला "मेडिकेअर प्रिस्क्रिप्शन पेमेंट प्लॅन" द्यावा लागतो. कंपनीला फोन करून चालू करायचा, मग काउंटरवर शून्य आणि घरी महिन्याला बिल, वर्षावर विभागून, व्याज नाही. पैसे वाचत नाहीत, फक्त पसरतात. वर्षाच्या सुरुवातीला घेतला तर उपयोग, ऑक्टोबरमध्ये घेऊन काही अर्थ नाही.

इन्सुलिन महिन्याला जास्तीत जास्त ३५ डॉलर, डिडक्टिबल नाही, हे २०२३ पासून. आणि मोठ्यांसाठी शिफारस केलेल्या लसी पार्ट डी मध्ये फुकट, त्यात नागिणीची लस येते, दोन डोस. ज्यांनी घरात कुणाला नागीण झालेली बघितलीय त्यांना ह्या लसीचं महत्त्व सांगायला नको. फ्लू, न्यूमोनिया आणि कोविडची लस पार्ट बी मधून मिळते.

ज्यांचं उत्पन्न जास्त आहे, एकट्याचं १,०९,००० किंवा जोडप्याचं २,१८,००० डॉलरच्या वर, त्यांना पार्ट डी वर जादा रक्कम लागते आणि त्यासाठी दोन वर्षांपूर्वीचा टॅक्स रिटर्न बघतात. नुकतेच रिटायर होऊन उत्पन्न पडलं असेल तर सोशल सिक्युरिटीला कळवा, ते कमी करतात.

काउंटरवर "नाही" आलं तर

प्लॅनच्या औषधांच्या यादीला फॉर्म्युलरी म्हणतात आणि त्यात पायऱ्या असतात, टियर, बहुतेक पाच. खालच्या टियरला स्वस्त जेनेरिक, वर जाल तसं महाग. शिवाय तीन प्रकारच्या अटी असतात. प्रायर ऑथरायझेशन, म्हणजे डॉक्टरने आधी कंपनीची परवानगी घ्यायची. स्टेप थेरपी, म्हणजे आधी स्वस्त औषध घेऊन बघा, नाही लागू पडलं तरच हे. आणि क्वांटिटी लिमिट, म्हणजे एका वेळी किती गोळ्या मिळणार ह्याची मर्यादा.

फार्मसीतून "रिजेक्ट झालंय" असं ऐकू आलं की घरी परतू नका, "का रिजेक्ट झालं" ते विचारा आणि लिहून घ्या. नवीन प्लॅनचे पहिले ९० दिवस असतील आणि आधीपासून चालू असलेलं औषध असेल, तर एक महिन्याचा तात्पुरता साठा प्लॅनला द्यावा लागतो, त्याला ट्रान्झिशन फिल म्हणतात, हा शब्द फार्मासिस्टला सांगा. त्या महिनाभरात डॉक्टरांच्या ऑफिसला फोन करून एक्सेप्शनची, म्हणजे अपवाद म्हणून हे औषध द्या अशी विनंती पाठवायला सांगा. डॉक्टरचं कारणासहित पत्र पोचलं की प्लॅनला ७२ तासांत उत्तर द्यावं लागतं, आणि थांबल्याने तब्येतीला धोका आहे असं डॉक्टरने लिहिलं तर २४ तासांत. तरी नाही म्हणाले तर अपील, ६५ दिवसांच्या आत. डॉक्टरांच्या ऑफिसला एक फोन करून भागत नाही, दोन दिवसांनी परत करा, कुणाशी बोललात त्याचं नाव लिहा. चिवटपणा लागतो.

काय मिळतच नाही ते थोडक्यात: प्रिस्क्रिप्शनशिवायची औषधं, सर्दी-खोकल्याची लक्षणांवरची औषधं, आणि व्हिटॅमिन्स. आपल्या लोकांना डी आणि बी-१२ कमी असतं, डॉक्टर गोळ्या लिहून देतात, आणि लिहून दिल्या तरी पार्ट डी मध्ये बसत नाहीत. आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीही नाही. शुगर तपासायच्या पट्ट्या पार्ट बी मधून मिळतात, पण इन्सुलिनच्या सुया आणि सिरिंज पार्ट डी मधून, ह्यात फार्मसीवालेही कधी कधी गोंधळतात.

कूपन कार्डांबद्दल. फार्मसीची डिस्काउंट कार्डं पार्ट डी च्या जागी वापरता येतात, पण दोन्ही एकाच वेळी नाही, आणि त्यावर केलेला खर्च सहसा २,१०० मध्ये मोजला जात नाही. औषध कंपनीची कोपे कूपनं मात्र मेडिकेअरवाल्यांना चालतच नाहीत.

पैशाची मदत

"एक्स्ट्रा हेल्प" नावाची केंद्र सरकारची योजना आहे. मिळाली तर प्रीमियम (ठराविक रकमेपर्यंत) आणि डिडक्टिबल जवळपास जातो, जेनेरिक जास्तीत जास्त ५.१० आणि ब्रँड १२.६५ डॉलर, आणि उशिराचा दंडही लागत नाही. २०२५ ला उत्पन्नाची मर्यादा एकट्यासाठी २३,४७५ आणि जोडप्यासाठी ३१,७२५ डॉलर होती, शिल्लक (म्हणजे बचत आणि मालमत्ता) साधारण १७,६०० आणि ३५,१३०. अर्ज सोशल सिक्युरिटीकडे, फोन १-८००-७७२-१२१३.

इथे आपल्या घरांची खास बाब. मुलाचं उत्पन्न धरत नाहीत, फक्त अर्जदार आणि नवरा-बायको. मुलाच्या घरी फुकट राहतात-जेवतात हेही उत्पन्न धरत नाहीत. पण भारतातली पेन्शन उत्पन्नात येते (एफडीचं व्याज उत्पन्नात धरत नाहीत, पण एफडीची रक्कम शिल्लकीत येते), आणि राहतं घर सोडून दुसरी मालमत्ता शिल्लकीत येते, म्हणजे पुण्यातला फ्लॅटसुद्धा. लपवू नका, अर्जावर शपथेवर सही असते.

राज्यांच्याही योजना आहेत. न्यू जर्सीत पीएएडी आहे, ६५ वरच्यांसाठी, जेनेरिक ५ डॉलर आणि ब्रँड ७ डॉलर, उत्पन्नाची मर्यादा एक्स्ट्रा हेल्पपेक्षा बरीच वर आहे आणि शिल्लक बघत नाहीत, म्हणजे फ्लॅटवाल्यांनी इथे अर्ज करून बघावाच. न्यू यॉर्कमध्ये एपिक आहे, पेनसिल्व्हेनियात पेस. प्रत्येक राज्यात शिप नावाची मोफत सल्ला देणारी सेवा आहे (कॅलिफोर्नियात तिला हायकॅप म्हणतात), तिथले लोक कुठलीही पॉलिसी विकत नाहीत, यादी घेऊन त्यांच्यासमोर बसा.

इंडिया ट्रिप

पार्ट डी अमेरिकेबाहेर चालत नाही, पुण्याच्या मेडिकलची पावती देऊन पैसे मिळत नाहीत. जाण्याआधी ९० दिवसांचं प्रिस्क्रिप्शन मागा, आणि साठा वेळेआधी हवा असेल तर फार्मसीला "व्हेकेशन ओव्हरराइड" सांगा, निघायच्या दोन आठवडे आधी, आदल्या दिवशी नाही. ॲडव्हान्टेज प्लॅनवाले सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिले तर बहुतेक प्लॅन नाव काढून टाकतात. प्रीमियमचं मात्र ऑटो-पे करून जा. ज्यांना सोशल सिक्युरिटीची पेन्शन नाही त्यांचा प्रीमियम आपोआप कापला जात नाही, बिल टपालाने घरी येतं, तुम्ही कामात असता, आणि थकलं की प्लॅन बंद.

फोन आणि पत्रं

सप्टेंबरअखेर प्लॅनकडून पुढच्या वर्षीच्या बदलांचं जाड पत्र येतं, ते रद्दीत टाकू नका, त्यात कुठली गोळी यादीतून गेली ते असतं. आणि आपणहून आलेल्या फोनवर मेडिकेअरचा नंबर कुणालाही द्यायचा नाही, आधी ओळख किंवा परवानगी नसताना प्लॅन विकायला फोन करायलाच बंदी आहे. आईला मी हे लिहून फोनच्या बाजूला चिकटवून दिलंय.

तुम्ही स्वतः करायचा फोन १-८००-६३३-४२२७, चोवीस तास. आई-बाबांच्या वतीने बोलायचं तर ते शेजारी हवेत, त्यांना फोनवर परवानगी द्यावी लागते. मराठी दुभाषा मागा, फुकट असतो, थोडं थांबावं लागतं. गेल्या ऑक्टोबरमध्ये आईने असाच फोन लावला, स्पीकरवर, समोर तिच्याच अक्षरातली औषधांची यादी, मूळ नावं आणि मिलिग्रॅमसकट. दुभाषी बाई लाइनवर आल्यावर आईने आधी तिला "तुम्ही कुठल्या?" विचारलं, मग चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.